एकत्र बसून काम करण्यासाठी

आमच्या मॅनेजर डॅनीने तो हुकूम वाचून दाखवला तेव्हा आम्ही सगळे आपापल्या घरीच होतो. पडद्यावर आमचे चौकोन, प्रत्येकाच्या मागे ज्याचा त्याचा पसारा. रॉझच्या चौकोनात शहरापासून दोन तासांवरच्या वॉलारूच्या घरातलं स्वयंपाकघर दिसायचं, आणि मधूनच तिचे वडील क्लॅरी बनियनवर हळूहळू फ्रीजकडे जाताना दिसायचे. आपण ॲडलेडच्या एका विमा कंपनीच्या बैठकीत दिसतोय, हे त्यांना कितीदा सांगितलं तरी पटत नसे.

"एप्रिलपासून सगळ्यांनी आठवड्यातले चार दिवस ऑफिसात यायचं," डॅनी वाचत होती. "एकत्र बसून काम केल्याने आपुलकी वाढते, एकमेकांकडून शिकता येतं, असं सिडनीच्या मंडळींचं म्हणणं आहे."

"एकत्र म्हणजे कोणाबरोबर?" मी विचारलं. "माझं अर्धं काम ब्रिस्बेनच्या लोकांशी असतं आणि उरलेलं मनिलाच्या. ते येणार आहेत का ॲडलेडला?"

दोघंतिघं हसले. डॅनी हसली नाही. "क्वांग, प्लीज. मला पूर्ण वाचू दे."

ती वाचत राहिली आणि इकडे आमच्या खासगी ग्रुपवर पैजा लागायला लागल्या. कोणी म्हणालं, त्या इमारतीचा करार अजून बरीच वर्षं शिल्लक आहे, रिकाम्या मजल्याच्या भाड्याने साहेबांच्या पोटात दुखतंय. कोणी म्हणालं, खालचा कॉफीवाला साहेबांचा मेहुणा असणार. मी लिहिलं, यांना माणसं कमी करायची आहेत. काढून टाकलं तर भरपाई द्यावी लागते. आपण होऊन निघून गेलो तर नुसता निरोपाचा केक कापायचा.

माझ्या लिहिण्यावर कुणी हसल्याची खूण टाकली नाही.

मग रॉझने माइक सुरू केला. रॉझलिन पॅस्को बैठकीत फारशी बोलत नसे, त्यामुळे सगळे गप्प झाले. "डॅनी, मला एकच सांग. आम्ही कंटाळून नोकरी सोडावी म्हणून हे चाललंय का?"

"नाही," डॅनी म्हणाली. "मीही त्यांना हेच विचारलं होतं, तोंडावर. तसं काही नाही. शब्द देते, रॉझ."

रॉझने मान डोलावली. मागे क्लॅरींनी फ्रीजचं दार उघडंच ठेवलं होतं, ते लावायला ती उठली.

या दोघींचं नातं सांगायला हवं. डॅनिएला सँतिली बाविशीत आमच्याकडे लागली तेव्हा तिला फोनवर रडणाऱ्या माणसाशी कसं बोलायचं ते माहीत नव्हतं. घर जळालेला, गाडी चेपलेला, शेतावर गारा पडलेला माणूस फोन करतो आणि आधी नुसता श्वास घेत राहतो. त्या वेळी आपण काय बोलायचं नाही, हे तिला रॉझने शिकवलं. पुढे डॅनी वर चढली, रॉझ तिथेच राहिली. तिला वर जायचंच नव्हतं. साथीच्या काळात क्लॅरींना अर्धांगाचा झटका आला, त्यातून ते उठले, पण रात्री त्यांना एकटं ठेवता येईना. दोनदा गॅस सुरू राहिला. रॉझने शहरातली खोली सोडली आणि वडिलांच्या घरी राहायला गेली. काम तिथूनच, स्वयंपाकघरातल्या टेबलावरून. त्या टेबलावरून तिने केलेलं काम आमच्यात सगळ्यांत चोख असायचं, हे डॅनीनेच वर लिहून कळवलेलं होतं.

त्या संध्याकाळी मी रॉझला फोन केला.

"तुझा विश्वास बसला?" मी विचारलं.

"डॅनीवर बसला. तिच्या साहेबांवर कोण ठेवतंय."

"दोन्ही एकच."

"नाही रे. ती खोटं बोलायला लागली की मानेवर लाल चट्टे उठतात तिच्या. पहिल्या आठवड्यापासून बघतेय मी. आज नव्हते."

"म्हणजे तिलाही फसवलंय."

"तू ना," रॉझ म्हणाली, "तुला कुणी वाढदिवसाला फुलं दिली तरी त्यात मधमाशी शोधशील."

माझ्या संशयाचं कारण वेगळं होतं. मी शाळेत होतो तेव्हा आई कपडे शिवायच्या एका कारखान्यात होती. एक दिवस मालकाने सांगितलं, आता शहराच्या दुसऱ्या टोकाला नवीन शेड घेतली आहे, सगळ्यांनी तिकडे यायचं, तिथे उजेड चांगला आहे. बायका दोन बस बदलून जायला लागल्या. ज्यांची मुलं लहान होती त्या सोडून गेल्या. निम्म्या गळल्यावर शेडला कुलूप लागलं. आई शेवटपर्यंत जात राहिली. ती अजूनही म्हणते, उजेड मात्र खरंच चांगला होता.

हे मी रॉझला सांगितलं. ती ऐकून घेऊन म्हणाली, "तुझी आई त्या शेडवर गेलीच ना तरी? मग मीही बघते जाऊन."

तिला घरी आजारी माणूस असल्याच्या कारणावरून सवलत मागता आली असती. कायद्याने तो हक्क आहे, आणि तिने अर्ज तयारही केला होता. तो पाठवण्याआधी तिने डॅनीला विचारलं, कारण डॅनीच्या हातूनच तो वर जाणार होता. डॅनी तिला म्हणाली, "पाठवायचा तर पाठव, मी अडवणार नाही. पण आत्ता ते बघताहेत कोण कुरकुर करतंय. सगळ्यांत आधी तुझा नकार आला तर नंतर माझे हात बांधले जातील. ऑगस्टअखेर हिवाळा संपेपर्यंत ये. मग मी स्वतः सिडनीला जाऊन तुला दोन दिवस घरून काम मंजूर करून आणते."

रॉझने अर्ज पाठवला नाही.

मार्चच्या शेवटच्या शनिवारी मी माझ्या भावाची सामान वाहायची, मागे उघडी असलेली गाडी घेऊन वॉलारूला गेलो. क्लॅरींना कडीनाच्या वृद्धाश्रमात न्यायचं होतं. घरापासून गाडीने दहाएक मिनिटांवर. सोबत त्यांची खुर्ची, रेडिओ, आणि कपड्यांच्या दोन बॅगा. क्लॅरींची माझी ओळख जुनी होती. दर उन्हाळ्यात आम्ही घरचे सगळे तिथल्या धक्क्यावर खेकडे धरायला जायचो, आणि हे तिथे उलट्या बादलीवर बसून माझ्या आईला आमचं जाळं टाकायचं कसं चुकतंय ते ओरडून सांगायचे. आईला त्यांचं इंग्रजी कळायचं नाही आणि त्यांना आईचं व्हिएतनामी. भांडण मात्र रंगायचं.

त्या दिवशी ते इस्त्रीचा शर्ट घालून दारात बसले होते.

"आई कशी आहे रे तुझी?" त्यांनी मला विचारलं.

"बरी आहे. तुम्हाला विचारत होती."

"जाळं अजून तसंच फेकते?"

"तसंच."

ते समाधानाने हसले. मग रॉझकडे वळून म्हणाले, "हे ऑफिसवाले तुला तिकडे बोलावतात ते कशाला, पोरी? काही जड उचलायचंय का?"

"नाही बाबा. एकत्र बसून काम करायचंय."

"मग तुझ्या शेजारी कोण बसणार?"

"क्वांग बसेल."

क्लॅरींनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "याला इथे बोलाव. जागा आहे घरात. मांस-बटाट्याची पेस्टी मी गरम करून देईन."

आम्ही तिघंही हसलो. रॉझ हसता हसता वळून आत गेली आणि बराच वेळ आतच राहिली. मी खुर्ची गाडीत चढवली. क्लॅरी रस्त्याकडे बघत होते. ते मला हळूच म्हणाले, "किती दिवस, दोस्ता? ती मला नीट सांगत नाही."

"हिवाळा संपेपर्यंत," मी म्हणालो. मला तेवढंच सांगितलेलं होतं.

आश्रम चांगला होता, खोटं कशाला बोलू. खिडकीतून गुलाब दिसत होते. एका नर्सने त्यांना नाव विचारलं तर ते म्हणाले, "पाहुणा." तीही हसून म्हणाली, "बरं, पाहुणे, चहात साखर किती?"

एप्रिलपासून रॉझ सोमवारी पहाटे गाडी काढून ॲडलेडला यायची, आठवडाभर शहरातच प्रॉस्पेक्टला मावसबहिणीच्या मागच्या खोलीत राहायची आणि गुरुवारी संध्याकाळी परत जायची. शुक्रवार घरून. ऑफिसात पहिल्याच सकाळी कळलं की जेवढी माणसं तेवढी टेबलं नाहीत. मधल्या काळात अर्ध्या टेबलांची कॉफी प्यायची जागा केली होती. आधी येईल त्याला टेबल. रॉझ आणि मी बहुतेक दिवस खिडकीजवळच्या उंच स्टुलांवर बसायचो, कानाला हेडफोन लावून, ती ब्रिस्बेनशी बोलत, मी मनिलाशी. दिवसभरात आम्ही एकमेकांशी बोलायचो ते चार्जर मागायला.

"आपुलकी वाढली का?" मी विचारायचो.

"तुझा खोकला ओळखायला लागलेय मी," ती म्हणायची.

डॅनीने मात्र मनापासून प्रयत्न केले, हे मला सांगितलंच पाहिजे. दर बुधवारी ती घरून काहीतरी करून आणायची, आईच्या पद्धतीची बदामाची बिस्किटं, कधी मोठ्या भांड्यात लझान्या. सगळ्यांना उठवून एका टेबलाशी आणायची. तिचा नवरा सोडून गेला होता आणि साथीच्या दिवसांत ती एका खोलीत एकटी पडद्याशी बोलत राहिली होती. एकत्र बसण्याने माणूस सावरतो हे तिला सिडनीवाल्यांनी शिकवायची गरजच नव्हती. म्हणूनच तर त्यांनी सांगितलेलं तिला इतक्या पटकन पटलं. बुधवारी त्या टेबलाशी ती आमच्या चेहऱ्यांकडे बघत असायची, आणि आम्ही घड्याळाकडे.

माणसं जायला लागली. आधी लांबून, मरे ब्रिजहून येणारा ग्रेग, मग दोन जुळी मुलं असलेली अनुष्का, मग आणखी काही. प्रत्येकाला केक. प्रत्येकाच्या वेळी डॅनी म्हणायची, नवीन माणूस लवकरच येईल. आलं कोणीच नाही. त्यांचे क्लेम आमच्यात वाटले जायचे. मे महिन्यात स्टुलावरून टेबलावर यायला मिळालं, जूनमध्ये मला खिडकीजवळचं टेबल मिळालं. माझी बढती झाल्यासारखं वाटलं, असं मी म्हणालो तेव्हा रॉझने पहिल्यांदा मला झिडकारलं. "पुरे, क्वांग. मोजत नको बसूस."

ती वाळत चालली होती. गुरुवारी रात्री कडीनाला पोचेपर्यंत क्लॅरी झोपलेले असायचे. शनिवार-रविवार ती त्यांच्या खोलीत बसायची. सुरुवातीला ते दर वेळी विचारायचे, निघायचं का घरी. मग कधीतरी विचारायचे. ती मला म्हणाली, "ते विचारायचे तेव्हा जीव नकोसा व्हायचा. आता विचारत नाहीत, तेव्हाही तसंच होतं."

जुलैत मला नगरपालिकेत काम मिळालं. पगार थोडा कमी, पण घराजवळ. मी डॅनीच्या खोलीत जाऊन सांगितलं. तिने दार लावून घेतलं.

"तूही?"

"तू आता तरी बघ ना, डॅनी. एक तरी खुर्ची भरली का?"

"त्यांनी भरती थांबवली आहे, तात्पुरती. वर्षअखेर सुरू होणार."

"आणि तू ते मानतेस."

"तुला प्रत्येक गोष्टीत कट दिसतो," ती म्हणाली. "मी इतकी वर्षं यांच्याबरोबर काम करतेय. माझ्या आईच्या आजारपणात याच लोकांनी मला सुट्टी दिली होती. सगळीच माणसं तशी नसतात."

मी तिच्या मानेकडे पाहिलं. चट्टे नव्हते. मला राग यायचा तो थांबला. मी केक घेतला नाही, तिच्याशी हात मिळवला आणि निघालो.

पुढचं मला रॉझकडून आणि थोडं डॅनीकडून कळलं. ऑगस्ट संपल्यावर रॉझ तिच्याकडे गेली आणि म्हणाली, हिवाळा संपला. डॅनी शब्दाला जागली. ती रॉझचा अर्ज घेऊन सिडनीला गेली, स्वतःच्या खर्चाने. दिवसभर तिला कोणी धड भेटलं नाही. संध्याकाळी साहेबांनी सगळ्यांना जेवायला नेलं. तिथे दोन पेले झाल्यावर एक वरिष्ठ तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "ॲडलेडने कमाल केली. बाकीच्या शहरांत आम्हाला भरपाई देऊन माणसं काढावी लागणार आहेत. तुझ्याकडे आपोआप झालं." मग म्हणाला, आता एवढ्या थोड्या माणसांसाठी अख्खा मजला कशाला ठेवायचा, नाताळाआधी सोडून देऊ, उरलेल्यांनी खुशाल घरून काम करावं. तो हे आनंदाची बातमी म्हणून सांगत होता. रॉझचा अर्ज तिच्या पर्समध्येच राहिला. आता त्याची गरजच उरली नव्हती.

त्यानंतरच्या शनिवारी मी वॉलारूलाच होतो. आईला खेकड्यांची हुक्की आली होती, अजून थंडी होती तरी. बादलीत चारच निळे खेकडे मिळाले, ते घेऊन मी रॉझकडे गेलो, आई भावाबरोबर धक्क्यावरच थांबली. रॉझने ते मोठ्या पातेल्यात उकळायला ठेवले. एवढ्यात दारात डॅनी. ॲडलेडहून न सांगता गाडी चालवत आलेली, कपडे प्रवासातलेच. मी उठायला लागलो तर ती म्हणाली, "तू बस. तूही ऐकायला हवंस."

तिने उभ्यानेच सगळं सांगितलं, मी वर लिहिलं तसं. सांगताना तिने काही झाकलं नाही, स्वतःला सावरूनही घेतलं नाही. पातेल्यातलं पाणी उकळून वर येत होतं आणि कोणी गॅस बारीक करत नव्हतं. शेवटी मीच केला.

"मी तुला शब्द दिला होता," डॅनी म्हणाली.

"तुला जे माहीत होतं ते तू सांगितलंस," रॉझ म्हणाली.

"मी तो अर्ज मार्चमध्येच पाठवायला हवा होता."

"हो," रॉझ म्हणाली. "तो पाठवायला हवा होतास."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. डॅनी खुर्चीवर बसली, टेबलावर हात ठेवून, त्याच टेबलावर जिथून रॉझ आमच्याशी बोलायची. तिने माझ्याकडे पाहिलं. मी इतके महिने जे म्हणत आलो होतो ते सगळं खरं निघालं होतं, आणि तिला वाटत असावं की आता मी काहीतरी बोलेन. मी खेकडे ताटात काढले. कोणी खाल्ले नाहीत.

थोड्या वेळाने डॅनी म्हणाली, "आता बाबांना घरी आणता येईल. निदान तेवढं तरी होईल."

रॉझ उठली. गाडीची किल्ली घेतली. "चला," म्हणाली, "बघून तर येऊ."

क्लॅरी आश्रमाच्या मोठ्या खोलीत, खिडकीशी, आणखी दोन म्हाताऱ्यांबरोबर बसले होते. बारीक झाले होते, पण दाढी केलेली, केस विंचरलेले. त्यांनी रॉझला ओळखलं, मला जरा वेळाने. डॅनीशी त्यांनी रीतसर हात मिळवला.

रॉझ त्यांच्यापुढे खाली बसली. "बाबा, माझं तिकडचं काम संपत आलं. नाताळाआधी मी कायमची घरी येतेय. तुम्ही येणार ना घरी?"

"घरी," ते म्हणाले. त्यांनी विचार केला. "धक्क्याजवळच्या त्या घरी? तिथे आता कोण राहतं?"

"मी राहते, बाबा. आपणच राहतो."

"बरं," ते म्हणाले. मग दाराकडे बघायला लागले. "पण आत्ता नको, पोरी. जेवण येईल. शनिवारी मासे असतात. हे दोघं माझ्यासाठी थांबलेत."

शेजारचे दोघं म्हातारे गंभीरपणे आमच्याकडे बघत होते. डॅनी बाहेर निघून गेली. मी पाठोपाठ गेलो तर ती गुलाबांच्या वाफ्याशी पाठमोरी उभी होती. मी तिच्या शेजारी उभा राहिलो. ती म्हणाली, "बाबांना कोणी विचारलंच नव्हतं ना? मार्चमध्ये. आपण सगळे कंपनीच्या मनात काय आहे तेच ओळखत बसलो."

ठरल्याप्रमाणे नाताळाआधी तो मजला रिकामा झाला. डॅनीने शेवटपर्यंत थांबून सगळ्यांचं मार्गी लावलं आणि मग राजीनामा दिला. तिलाही केक मिळाला असेल, मी विचारलं नाही. आता ती कॅम्पबेलटाउनला भावाच्या फरश्यांच्या दुकानात हिशेब बघते. महिन्यातून एखाद्या रविवारी बिस्किटांचा डबा घेऊन कडीनाला जाते. रॉझ तिला येऊ देते. दोघी क्लॅरींच्या दोन बाजूंना बसतात आणि त्यांच्याशीच बोलतात, एकमेकींशी फारसं नाही. पूर्वीसारखं ते होणार नाही असं रॉझ म्हणते, पण येऊ नको असंही तिला म्हणवत नाही.

क्लॅरींना रॉझने दोनदा घरी आणून पाहिलं. पहिल्यांदा ते दुपारभर बरे होते, संध्याकाळी मात्र दाराशी कोट घालून उभे राहिले आणि बस किती वाजता येते ते विचारत राहिले. दुसऱ्यांदा रात्री घाबरले. डॉक्टर म्हणाले, मार्चमध्ये हलवलं नसतं तर कदाचित घरीच टिकले असते, कदाचित नसतेही, सांगता येत नाही. ते न सांगता येणंच रॉझच्या मनात बसलं आहे.

गेल्या महिन्यात मी तिच्याबरोबर आश्रमात गेलो होतो. ती आता काम संपवून रोज दुपारी तिथे जाते, घरातलं टेबल ते कडीना एवढाच तिचा प्रवास. क्लॅरी मजेत होते. तिने त्यांची नखं कापली, रेडिओवरच्या क्रिकेटवर दोघं थोडं भांडले. तासाभराने त्यांनी तिचा हात थोपटला.

"जा आता, पोरी. उशीर नको करूस. तिकडे वाट बघत असतील तुझी. तू ऑफिसात गेल्याशिवाय त्यांचं काम होत नाही ना?"

"हो बाबा," रॉझ म्हणाली. "निघतेच."

तिने त्यांच्या कोटाची कॉलर सारखी केली, माझ्याकडे न बघता पर्स उचलली, आणि आम्ही बाहेर आलो. गाडीत बसल्यावर तिने किल्ली फिरवली नाही. ते रोज असंच म्हणतात का, मी विचारलं.

"रोज," ती म्हणाली. "म्हणून मी त्यांच्याजवळून लवकर उठत नाही. पण मग मला कामावर उशीर होईल म्हणून त्यांना काळजी वाटायला लागते."